आग जशी, तसे तिचे औषध
घर आणि अग्निसुरक्षा : लेखांक चौथा

इंधन, उष्णता आणि प्राणवायू एकत्र आल्याखेरीज आग टिकत नाही, हे मागील लेखांकात स्पष्ट झाले. प्रस्तुत लेखांकात या तिघांची साखळी तोडणाऱ्या घरगुती अग्निशामकाचा, म्हणजे दाबाखाली भरलेले द्रव्य आगीवर सोडणाऱ्या नळकांड्याचा, विचार करावयाचा आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत तो अधिक निकडीचा ठरतो, कारण घाटमाथ्याजवळची आहुपे, घाटघर यांसारखी गावे आणि पूर्वेकडील उसाच्या शेतांत विखुरलेल्या वस्त्या येथे अग्निशमन बंब पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटे घरातल्या माणसांनाच निभावून न्यावी लागतात.

अग्निशामकाची निवड जळणाऱ्या वस्तूवर अवलंबून असते. लाकूड, कापड, कडबा यांची आग ‘ए’ वर्गात, पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवांची ‘बी’ वर्गात आणि स्वयंपाकाच्या गॅसची ‘सी’ वर्गात मोडते. या तिन्हींवर चालणारा, अमोनियम फॉस्फेटची भुकटी भरलेला ‘एबीसी’ अग्निशामक घरासाठी सर्वांत सोयीचा असून, तो घेताना आयएसआय चिन्ह आणि दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री करावी. मोटारीच्या स्टार्टरने किंवा मीटरच्या पेटीने पेट घेतल्यास ही भुकटी वापरता येते, मात्र शक्य असल्यास आधी मुख्य स्विच बंद करावा. विद्युतप्रवाह चालू असताना पाणी टाकणे जिवावर बेतते.

भुकटीलाही मर्यादा आहेत. ऊसतोड कामगारांच्या कोपीचे पाचट किंवा गोठ्यातील कडब्याची गंज आतून धुमसत असते; भुकटीने वरची ज्वाळा विझली तरी निखारा पुन्हा पेटतो, म्हणून तेथे भरपूर पाणीच लागते. याउलट कढईतील पेटत्या तेलावर पाणी ओतल्यास ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चौफेर उडवते. तेथे शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवणे आणि ती थंड होईपर्यंत न उचलणे, हाच उपाय होय. गळत्या गॅसची ज्वाळा रेग्युलेटर बंद न करता विझवू नये, कारण हवेपेक्षा जड असलेला गॅस जमिनीलगत साचून स्फोट होऊ शकतो.

वापराची रीत सोपी आहे. दोन-तीन मीटर अंतरावर, दार पाठीशी राहील असे उभे राहावे, खीळ ओढावी, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरावे, मूठ दाबावी आणि फवारा डावीकडून उजवीकडे फिरवावा. दोन किलोचा अग्निशामक साधारण 8 ते 10 सेकंदांतच रिकामा होतो, त्यामुळे नेम धरण्यापूर्वीच मूठ दाबणे म्हणजे भुकटी वाया घालवणे होय. एकदा थोडासा वापरला तरी तो पुन्हा भरून घ्यावा, कारण झडपेत अडकलेल्या कणांमुळे दाब हळूहळू निघून जातो.

अग्निशामक गॅसच्या शेगडीशेजारी टांगू नये. आग लागल्यावर हात पोहोचेल अशा ठिकाणी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ ठेवावा. धूर आढ्याखाली दाटू लागला किंवा आग छताला भिडली, तर सर्वांनी बाहेर पडून 101 किंवा 112 वर कळवावे. ज्या घरी अग्निशामक आहे, तेथे त्याचा काटा आजच पाहावा आणि खीळ कशी ओढायची, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे.