खाकीतली पोरं भेटली तर
जयसिंगपूरकरांनो, ध्वजवंदनाच्या सकाळी खाकी गणवेशातले एनसीसी कॅडेट दिसले की काहींना ते पोलीस वाटतात, काहींना जवान. ते आपल्याच शाळा-कॉलेजांतले विद्यार्थी आहेत.

१९४८ च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली. निव्वळ कॅडेट आहे म्हणून कुणावर प्रत्यक्ष सैन्यसेवेचं बंधन येत नाही, असं तोच कायदा सांगतो. पोलिसांचे अधिकारही त्यांना नाहीत. म्हणून गर्दीत कॅडेट हुकूम सोडत नाही, विनंती करतो: "काका, जरा डावीकडून या." ऐका त्याचं!

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाकाळात 'एनसीसी योगदान' सुरू झालं. १८ वर्षांवरच्या स्वयंसेवक कॅडेटना हेल्पलाइन, मदतवाटप, रांगा आणि वाहतूक सांभाळण्याची कामं ठरली. कायदा-सुव्यवस्थेचं काम मात्र स्पष्टपणे वगळलं. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या आपल्या शिरोळ तालुक्यात निवारा केंद्रावर नावं नोंदवायला, आजीला हात द्यायला अशी शिस्तीची पोरं हवीतच.

फोटो काढण्याआधी विचारा, शाळकरी मुलं असतील तर नक्कीच. आणि गप्पा मारा! शाळेत 'ए', कॉलेजात 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा कशी असते, ते उत्साहानं सांगतील.