संगणकातला बहुरूपी

दोस्तांनो, बहुरूपी पाहिलाय का कधी? खाकी कपडे चढवून, हातात दंडुका घेऊन तो दारात येतो आणि थेट हवालदाराच्या आवाजात दरडावतो. क्षणभर आपण फसतोच की नाही? असाच एक बहुरूपी संगणकातही असतो. त्याचं नाव एम्युलेटर!

त्याची गरज का पडली? आपण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाचंच उदाहरण घेऊ. तळघरातून धावायचं, सुळे चुकवायचे, तलवारीनं लढायचं आणि ६० मिनिटांच्या आत राजकन्येला सोडवायचं! अमेरिकेच्या जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये हा खेळ 'ॲपल टू' या संगणकासाठी तयार केला. राजपुत्राचं धावणं खरंखुरं वाटावं म्हणून त्यांनी चक्क आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि ते पाहून एकेक चित्र रेखाटलं. १९९० मध्ये हा खेळ डॉसवर चालणाऱ्या पीसीवर आला.

आज तोच जुना खेळ नव्या संगणकावर लावून पाहा. ६४ बिटांचं विंडोज सरळ नकार देतं! कारण खेळ म्हणजे सूचनांची भलीमोठी यादी आणि ती ठराविक यंत्रासाठीच लिहिलेली असते. ते यंत्रच नसेल तर सूचना पाळणार कोण?

इथे आपला बहुरूपी धावून येतो. एम्युलेटर हा जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. तो खेळाची एकेक सूचना वाचतो आणि जुन्या यंत्रानं जे केलं असतं, तेच नव्या यंत्राकडून करून घेतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत!

सोंग वठवायचं तर वेगही जमायला हवा, बरं का! ॲपल टूच्या प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे १० लाख ठोके पडत. आजच्या संगणकाचे पडतात ३०० कोटींच्या आसपास. काही जुने खेळ प्रोसेसरच्याच वेगानं पळत. नव्या यंत्रावर ते असे सुसाट सुटतात की खेळणारा गडी पाहतच राहतो. म्हणून २००२ मध्ये आलेल्या 'डॉसबॉक्स' या मोफत एम्युलेटरमध्ये लगाम आहे. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की वेग कमी, कंट्रोल आणि एफ-१२ दाबलं की जास्त.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? ऐका तर. मेकनर यांच्याकडून या खेळाचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं. त्यात त्याच जुन्या फ्लॉपी! फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद वर्षांगणिक पुसट होत जाते. जाणकारांच्या मदतीनं ती वाचली गेली आणि मेकनर यांनी कोड सर्वांसाठी खुला केला. पण ॲपल टू तर १९९३ मध्येच बनायचा थांबला. उरलेली यंत्रंही कधीतरी बंद पडणारच. मग तो खेळ पुन्हा जिवंत करायला बहुरूपीच हवा, नाही का?

एक मात्र लक्षात ठेवा. खेळ जुना झाला म्हणून त्याच्यावरचा मालकीहक्क संपत नाही. कुठूनही उतरवलेल्या फाईलबरोबर व्हायरसही येऊ शकतो. म्हणून आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि आईबाबा, कपाटातल्या जुन्या खेळांच्या सीडी भंगारात टाकण्याआधी मुलांना एकदा दाखवा. राजपुत्राला कसं पळवायचं, हे त्यांना तुमच्याशिवाय कोण शिकवणार?