कर नोकरदाराचा, हक्क कंत्राटदाराचे

ब्रिटनमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्याला नवं काम मिळालं की ओळखीपाळखीचे लोक आधी रोजचा दर विचारत नाहीत. विचारतात, "इनसाइड की आउटसाइड?" या एका उत्तरावर त्याच्या हातात महिन्याला किती पडणार, लांबच्या शहरातलं काम परवडणार की नाही, आणि दोन कामांच्या मधले रिकामे महिने कसे निघणार, हे सगळं ठरतं. आणि ते उत्तर आता त्याच्या हातात उरलेलं नाही.

मी मूळची सांगलीची. लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये अकाउंटंट म्हणून छोट्या कंपन्यांचे हिशेब बघते. माझ्याकडे येणारे बरेच जण पुणे, नाशिक, कोल्हापूरकडचे आहेत. कुणी टेस्टर, कुणी बिझनेस अॅनालिस्ट, कुणी डेटाबेस सांभाळणारा. आधी व्हिसावर नोकरी, मग कायम वास्तव्याचा परवाना, आणि तो हातात पडला की स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कंत्राटं घ्यायची, ही त्यांची रुळलेली वाट होती. कंपनीत संचालक एकच आणि काम करणाराही तोच. क्लायंट पैसे कंपनीला देतो, कंपनी त्यावर कर भरते, आणि हा माणूस थोडा पगार व बाकीचा लाभांश घेतो. पगारावर नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी दोन्हीकडून जाते, कामगाराकडूनही आणि मालकाकडूनही. लाभांशावर ती लागत नाही. सगळं भांडण या फरकाचं आहे.

सरकारची तक्रार खोटी नव्हती. शुक्रवारी नोकरी सोडायची आणि सोमवारी त्याच खुर्चीत कंपनीच्या नावाने येऊन बसायचं, असे प्रकार होत होते. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री असताना ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत करखात्याने याबद्दल एक प्रसिद्धीपत्रक काढलं. त्याचा क्रमांक ३५, म्हणून नियमाला नाव पडलं आयआर-३५. एप्रिल २००० पासून तो लागू झाला. मधली कंपनी बाजूला काढून बघा, म्हणतो हा नियम. उरलेलं नातं मालक आणि नोकराचं दिसत असेल तर कर नोकरासारखा भरा; म्हणजे तुम्ही 'इनसाइड'. दोन स्वतंत्र व्यावसायिकांचं दिसत असेल तर 'आउटसाइड'.

हे नातं ओळखायचं कसं? न्यायालयं आजही १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्याकडे जातात. त्यातल्या चालकाने ट्रक हप्त्यांवर घेतला होता, पण ट्रकला रंग कंपनीचा आणि अंगावर गणवेशही कंपनीचा होता. तरीही तो स्वतंत्र व्यावसायिक ठरला. त्या निकालातून तीन प्रश्न पुढे आले. काम तुम्हीच करायला हवं, की तुमच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो? कामाचं काय, कसं, कधी हे कोण ठरवतं? आणि एकाने काम द्यायचं, दुसऱ्याने ते करायचं, असं बंधन दोघांवर आहे का?

प्रश्न सोपे वाटतात, उत्तरं नाहीत. बीबीसी रेडिओ स्कॉटलंडच्या सूत्रसंचालिका के अॅडम्स यांच्या दोन करवर्षांचा वाद न्यायाधिकरणापासून वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि परत खाली आला. चौथा निकाल २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. जिथे न्यायाधीशांचं एकमत होत नाही, तिथे एखाद्या कंपनीच्या खरेदी विभागातला कर्मचारी अर्ध्या तासात काय ठरवणार?

पण ठरवायचं आता त्यालाच आहे. पहिली सतरा वर्षं हा निर्णय कंत्राटदार स्वतः घेत होता, आणि चुकला तर भरपाईही त्याचीच. एप्रिल २०१७ पासून सरकारी क्षेत्रात ही जबाबदारी काम देणाऱ्यावर आली. खासगी क्षेत्रात ती २०२० मध्ये येणार होती. कोविडमुळे वर्षभर लांबली आणि ६ एप्रिल २०२१ ला मध्यम व मोठ्या कंपन्यांवर आली. सुटल्या फक्त छोट्या कंपन्या. त्यांच्याकडचं काम असेल तर निर्णय अजूनही कंत्राटदाराचाच.

आमच्याकडे सांगलीत ऊस कारखान्यावर जातो तेव्हा वजन होतं ते कारखान्याच्याच काट्यावर. काटा खरा असला तरी शेतकऱ्याच्या मनातली शंका जात नाही, कारण काटा ज्याचा, पैसे देणाराही तोच. इथली गोष्ट त्याहून अवघड आहे. क्लायंटने एखाद्याला चुकून 'आउटसाइड' ठरवलं, तर थकलेला कर आणि दंड क्लायंटच्या माथी येऊ शकतो. चुकून 'इनसाइड' ठरवलं, तर त्याचं काहीच जात नाही. मग तो कोणत्या बाजूला चुकेल, हे सांगायला अकाउंटंट लागत नाही.

ही भीती निराधारही नव्हती. नियम ज्या सरकारने केला, त्याचीच खाती त्यात अडकली. निवृत्तिवेतन आणि बेकारभत्ता बघणाऱ्या खात्याला चुकीच्या निर्णयांपोटी ८.७९ कोटी पौंड मोजावे लागले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या फेब्रुवारी २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ या एका वर्षात केंद्रीय खात्यांची अशी देणी २६.३ कोटी पौंडांवर गेली. अशाच भीतीने मोठ्या कंपन्यांनी एकेक कंत्राट तपासण्याऐवजी सरसकट निर्णय घेतले. माझ्या एका क्लायंटला, म्हणजे डेटा एका प्रणालीतून दुसरीत हलवण्याचं काम करणाऱ्या नाशिकच्या माणसाला, एका मोठ्या बँकेकडून तीन ओळींचा मेल आला. अम्ब्रेला नावाच्या मध्यस्थ कंपनीतून या, आमच्या नोकरीत या, नाही तर महिनाअखेरीस काम संपवा. तो फोनवर म्हणाला, "ताई, माझं कंत्राट कुणी वाचलं तरी का?" मला वाटतं, नाही वाचलं.

आता पैशाकडे येते. रोजचा दर ५०० पौंड आणि वर्षाला कामाचे २२० दिवस धरा. झाले १,१०,००० पौंड. हा माणूस 'इनसाइड' असेल तर बहुधा अम्ब्रेला कंपनीत जातो. ही कंपनी कागदोपत्री त्याची मालक असते आणि कर कापून त्याला पगार देते. पण मालकाने भरायची वर्गणीही त्याच १,१०,००० मधून आधी बाजूला काढली जाते. २०२५-२६ च्या दरांनी ती सुमारे १३,५०० पौंड होते. शिवाय शिकाऊ उमेदवारांसाठीचा अर्धा टक्का अधिभार आणि अम्ब्रेलाचं वर्षाला हजारभर शुल्क. पगार म्हणून उरतात ९४,९०० च्या आसपास, आणि त्यावर त्याचा स्वतःचा प्राप्तिकर व वर्गणी जाऊन हातात येतात साधारण ६५,६०० पौंड.

एप्रिल २०२५ मध्ये मालकांची ही वर्गणी १३.८ वरून १५ टक्के झाली आणि ज्या रकमेपासून ती लागते ती मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. बातम्यांत त्याला मालकांवरचा बोजा म्हटलं गेलं. दर तोच राहिलेल्या माझ्या अम्ब्रेलातल्या क्लायंटचा पगार मात्र त्यामुळे वर्षाला सुमारे १,४०० पौंडांनी उतरला. बोजा मालकाचा, उचलला यांनी.

त्याच वर्षी तोच माणूस 'आउटसाइड' असता तर? कंपनीचे चारेक हजारांचे खर्च, कंपनीकर आणि लाभांशावरचा कर वजा जाऊन सगळी रक्कम काढली तर हातात सुमारे ६९,५०० पौंड. फरक वाचकांना वाटतो तेवढा मोठा नाही, कारण गेल्या काही वर्षांत कंपनीकर आणि लाभांशावरचा कर दोन्ही वाढले. कंत्राटदार करबुडवे आहेत असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. स्लाउमध्ये राहणाऱ्याला लीड्सचं काम मिळालं, तर रेल्वे आणि आठवड्यातल्या तीन रात्रींचं हॉटेल हा 'आउटसाइड' कंपनीचा खर्च असतो. तो आधी वजा होतो आणि मग कर लागतो. 'इनसाइड' माणूस हेच पैसे कर भरून उरलेल्या पगारातून देतो. म्हणून माझ्या अनेक क्लायंटनी लांबची कामं घेणंच सोडलं. दुसरं म्हणजे शिल्लक. सगळा लाभांश एकाच वर्षी काढायचं बंधन नसतं. चांगल्या वर्षातले पैसे कंपनीत ठेवून काम नसलेल्या महिन्यांत घर चालवता येतं. ज्याला आजारपणात पगार नाही आणि काढून टाकताना भरपाई नाही, त्याचा विमा म्हणजे ही शिल्लक. 'इनसाइड' झालं की ती साठतच नाही.

आणि त्या बदल्यात नोकरीचे हक्क मिळतात का? कराच्या कायद्यात तो नोकर ठरतो, कामगार कायद्यात नाही. क्लायंटकडून त्याला पगारी रजा नाही, निवृत्तिवेतनाचा वाटा नाही, नोटिशीचं संरक्षण नाही. अम्ब्रेलात गेल्यावर रजा आणि आजारपणाचे किमान हक्क मिळतात, पण रजेचा पगार त्याच्याच ५०० पौंडांतून बाजूला काढलेला असतो. नियमाला माझा विरोध आहे तो इथे. नोकरासारखा कर घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्याच दिवशी नोकराचे हक्कही द्या.

धोरणाची अस्थिरताही लोकांनी सोसली. २३ सप्टेंबर २०२२ ला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे हे बदल मागे घेण्याची घोषणा केली. त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती १७ ऑक्टोबरला रद्द केली. त्या साडेतीन आठवड्यांत माझ्या ओळखीच्या काहींनी नोकरीची पत्रं नाकारली होती.

आज नियम आहे तसा आहे, तर त्यातल्या हातच्या गोष्टी तरी सोडू नयेत. क्लायंटने तुमचा दर्जा कारणांसह लेखी द्यायला हवा, तो मागून घ्या. पटला नाही तर लेखी हरकत घ्या. ४५ दिवसांत उत्तर देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कंत्राटात एक आणि कामावर दुसरंच, असं होऊ देऊ नका. रजेसाठी मॅनेजरची परवानगी मागत असाल, तर कागदावरचं स्वातंत्र्य टिकत नाही. 'इनसाइड' दर स्वीकारताना मालकाची वर्गणी त्यातून जाणार हे धरून दर वाढवून मागा. आणि हातात ८५ टक्के देतो म्हणणाऱ्या योजनेच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. पगाराऐवजी कर्ज दाखवणाऱ्या अशा योजनांत गेलेल्यांकडून सरकारने २०१९ नंतर मागच्या अनेक वर्षांचा कर वसूल केला आहे. एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने बुडवलेल्या कराची जबाबदारी एजन्सीवरही येते, हे बरं झालं.

पुण्या-मुंबईतल्या वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे रोज नऊ तास एकाच ऑफिसात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींना 'कन्सल्टंट' म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे मिळतात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. भारतात नोकरासारखा कर न घेता हक्क नाकारले जातात, ब्रिटनमध्ये तो घेऊन.

परत ब्रिटनकडे येते. ४५ दिवसांत जिचं उत्तर द्यायचं ती हरकत ऐकतो कोण? ज्याने निर्णय दिला तोच क्लायंट. त्याच्या वर, या दोघांशी संबंध नसलेला कुणी ऐकणारा नाही. माझ्या मते या कायद्यातली पहिली दुरुस्ती हीच हवी. कंत्राटदाराला जाता येईल असा स्वस्त आणि त्रयस्थ मंच हवा, आणि त्याने दिलेला निर्णय कर आणि हक्क दोन्हींना एकदमच लागू व्हायला हवा. तसं झालं तर 'इनसाइड' ठरवणं क्लायंटला फुकटात पडणार नाही, आणि मग ते कंत्राट कुणीतरी नीट वाचेल.