खऱ्या वेणांपूर्वीच्या कळा

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत बाळंतपणाचा विषय कशाला, असे काही बंधूंस वाटेल. परंतु पहिल्या बाळंतपणास लेक माहेरी येते, मध्यरात्री तिला कळा सुरू होतात, आणि गाडी काढावी की थांबावे, हा प्रश्न घरातील कर्त्या माणसापुढे उभा राहतो. त्या वेळी थोडी माहिती गाठीशी असणे इष्ट होय.

दिवस भरत आले म्हणजे गर्भाशय मधूनमधून आवळते व सैल होते. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली या आकुंचनांचे वर्णन केले. शेवटच्या आठवड्यांत काही स्त्रियांना अशा कळा तासन्‌तास येतात, पहाटे ओसरतात आणि दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू होतात. लोक त्यांस ‘खोट्या कळा’ म्हणतात. हा शब्द आपण टाकून द्यावा. वेदना खरीच असते. या काळात गर्भाशयाचे मुख मऊ व पातळ होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार मुख ५ सेंटिमीटर उघडल्यावर प्रसूतीची जोरकस अवस्था धरतात. तोवरचा काळ किती लांबेल, याचा नेम नसतो.

यास्तव घड्याळ व वही जवळ ठेवावी. कळ केव्हा आली व किती वेळ टिकली, हे लिहावे. खऱ्या वेणांतील अंतर कमी होत जाते, जोर वाढतो, आणि चालल्याने वा निजल्याने त्या थांबत नाहीत. सुमारे पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, अशा कळा तासभर आल्या की प्रसूतिगृह गाठावे. घर दूर असेल, पूर्वीचे बाळंतपण झटपट झाले असेल किंवा शस्त्रक्रियेने झाले असेल, तर डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे व लवकर निघावे.

तोपर्यंत शक्ती राखणे हेच मुख्य काम. कुशीवर निजावे, कोमट पाण्याने स्नान करावे, कंबर चोळून घ्यावी. पेज, मुगाची खिचडी असे हलके अन्न घ्यावे. पाणी कमी पडल्याने कळा वाढू शकतात. रात्री पाणी न घेण्याचा नेम असलेल्या घरांत ‘या दिवसांत पाणी घे’ असे वडीलधाऱ्यांनीच आपण होऊन सांगावे. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल वा काढा परस्पर देऊ नये.

मात्र पाणी गेले, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पोट सतत दुखू लागले, अथवा ३७ आठवड्यांपूर्वीच नियमित कळा सुरू झाल्या, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात जावे.

तपासून घरी परत पाठविले, तर हेलपाटा पडला असे कोणी म्हणू नये. दोन-तीन रात्री जागलेल्या मुलीस आपला शब्द धीर देतो, किंवा तिचा उरलासुरला धीर खचवितो.