विश्लेषण : मुलांच्याच शाळेत कार्यक्रम, मग पालकांना बिल कशाचे?

अमेरिकेत शाळांच्या पालक-शिक्षक संघटना (पीटीए) संध्याकाळी ‘फॅमिली नाइट’ भरवतात. मुले, आजी-आजोबा, खेळ, खाऊ. त्यानंतर शालेय जिल्ह्याकडून जागावापराचे बिल येते आणि वाचनालयासाठी जमवलेले पैसे त्यातच जातात.

या बिलात केवळ हॉलचे भाडे नसते. शाळा सुटल्यावर इमारत उघडणारा, झाडून-पुसून कुलूप लावणारा कर्मचारी, त्याचा ओव्हरटाइम, वीज, हीटिंग हे सारे त्यात येते. हा खर्च खोटा नाही. पण तो किती लावायचा, हा खरा वाद.

नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात ‘सिव्हिक सेंटर अ‍ॅक्ट’नुसार पीटीए, स्काउट यांसारख्या संस्थांकडून सहसा प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त आकारता येत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने देखभाल-दुरुस्तीचा वाटाही ‘प्रत्यक्ष खर्चा’त धरण्याची मुभा मिळाली. म्हणजे शब्द तोच, आकडा मोठा!

प्रवेशशुल्क घेतले आणि शिल्लक रक्कम विद्यार्थ्यांच्या हितासाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरली नाही, तर रास्त भाडेमूल्य भरावे लागते. त्यामुळे तिकीट लावणाऱ्या पीटीएने पैसे कुठे जाणार हे अर्जातच लिहावे, आणि बिल तपशीलवार मागावे.