पोहायला शिकताना काय बांधावं, काय धरावं

पोहायला शिकणाऱ्या लेकीसाठी तरंगणारं साधन कसं निवडायचं, हा आजचा आपला विषय. आपल्या अंबडच्या भागात प्यायला पाणी पुरत नाही आणि ह्या पोहण्याचं काय सांगतात, असं कुणी म्हणेल. पण जरा आजूबाजूला बघा. खाली शहागडला गोदावरी आहे, मधून जायकवाडीचा डावा कालवा जातो, विहिरी आहेतच, आणि २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शिवारात तळी वाढली. आपल्या देवीचं नावच मत्स्योदरी, तिचा डोंगर माशाच्या आकाराचा, आणि तिच्याच लेकींना पोहता येऊ नये? पोरं डबा बांधून विहिरीत उड्या मारतात नि शिकून जातात. धुणं, गुरांचं पाणी, मोटार चालू-बंद करणं, ह्या कामांनी पाण्याकाठी मात्र पोरीच जास्त जातात.

तर साधन. पहिली गोष्ट, माणूस पाण्यात दगडासारखा जड नसतो. छातीत हवा भरलेली असली की अंग जवळजवळ तरंगतंच. जड पडतं ते पाण्याबाहेर ठेवायचं डोकं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. म्हणजे फार मोठं काही लागत नाही, पाच किलोची उचल मिळाली तरी तोंड वर राहायला आधार होतो. ही उचल मोजायची रीत सोपी आहे. एक लीटरची रिकामी, बूच घट्ट लावलेली बाटली पाण्यात पूर्ण दाबली, तर ती जवळपास एक किलो वजन वर ढकलते. पाच लीटरचा तेलाचा रिकामा कॅन पाच किलोच्या आसपास. घरच्या टाक्यात किंवा हौदात कॅन दाबून बघा, हाताला लगेच कळेल.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हेच काम वाळलेला भोपळा करायचा. दोन भोपळे दोरीनं जोडून केलेली सांगड घेऊन लोक नदी ओलांडत. भोपळा हलका, आत पोकळ, आणि मुख्य म्हणजे अंगाला बांधलेला. आम्हाला आज जे सांगायचं आहे ते ह्या ‘बांधलेला’ शब्दातच आहे. नवशिकी पोरगी घाबरली की हातातली वस्तू सोडते आणि समोरच्या माणसाचा गळा धरते. म्हणून जिथं पाय टेकत नाहीत, तिथं हातात धरायचं कुठलंही साधन तिच्या कामाचं नाही. अंगाला बांधलेलंच हवं.

बांधायचं कुठं, यालाही महत्त्व आहे. कंबरेला बांधलं तर कंबर वर येते आणि डोकं खाली जातं. नुसतं पाठीवर बांधलं तर अंग पुढं कलंडतं, तोंड पाण्याकडं होतं. त्यामुळं दोन कॅन घ्या, रुंद पट्टीनं काखेखाली बांधा, दोन्ही बाजूंना सारखे आणि थोडे छातीकडं. सुतळी नको, ती कापते आणि ओली झाली की गाठ सुटत नाही. जुन्या साडीची दुहेरी पट्टी चांगली. ओढणी मात्र आधी काढून ठेवा.

गटाच्या पैशातून एखादं लाइफ जॅकेट घेता आलं तर सगळ्यात बरं. एकच पुरेल, आळीपाळीनं वापरता येतं. आतल्या पट्टीवर न्यूटनचा आकडा असतो, ५०, १०० असा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. न येणाऱ्यासाठी १०० चं घ्या, आणि कुणाच्या वजनासाठी आहे तेही वाचा. घालून बघताना खांद्याजवळ धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकत असेल तर मोठं होतंय. लहान लेकराच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असला पाहिजे, नाहीतर लेकरू खाली आणि जॅकेट वर.

आता ट्रॅक्टरची ट्यूब. पोरांना फार आवडते, आम्हाला नाही. मधल्या भोकातून लहान मूल अलगद निसटतं, कधी ट्यूब उलटते आणि पाय वर, डोकं खाली होतं. त्यात बाभळीचा एक काटा पुरतो. थर्माकोलचंही तसंच. तो तरंगतो चांगला, पण दोरी त्याला चिरत जाते, कडा तुटतात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जातात, अशा बातम्या २०२३ साली आल्या होत्या. नाइलाजानं कुणी बसलं म्हणून ते शिकण्याचं साधन होत नाही.

बाजारात पोहण्याची फोमची फळी मिळते. ती पाय मारायच्या सरावासाठी, कंबरेइतक्या पाण्यात. घ्यायचीच तर जाड आणि रुंद बघा, कोपरापर्यंत हात तिच्यावर टेकले पाहिजेत. पातळ, गुळगुळीत फळी झरझर सरकते, म्हणून दिसायला छान, पण नवशिकीच्या हाताखालून तीच आधी निसटते. मोटारबोटीमागच्या लाटेवर फळीवर उभं राहायचा एक खेळ आहे, वेकसर्फिंग म्हणतात. त्यातसुद्धा पातळ, चपळ फळी सराईतांची. नव्या माणसाला जाड, जास्त उचल देणारी फळी देतात. कौतुकाच्या खेळात एवढी काळजी, मग विहिरीत किती हवी!

साधन कितीही चांगलं असलं तरी शेततळ्यात शिकवू नका. योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल, म्हणजे दोन पुरुषांच्या जवळपास. वरून प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. कालवाही नको, तिथं पाणी ओढतं. नदीत वाळू उपशाचे खड्डे असतात, गुडघाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी. पायऱ्यांची विहीर, पायरीवर पोहता येणारी एक बाई, पोरीच्या पट्टीला बांधलेली दोरी आणि दोरीचं टोक दुसरीच्या हातात, एवढं जमलं की उतरा.

शेततळ्यावर मात्र एक गोष्ट कायमची ठेवा. काठावर खुंटी, खुंटीला लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला पाच लीटरचा कॅन. कॅनमध्ये पेलाभर पाणी राहू द्या, म्हणजे वाऱ्यानं न भरकटता लांब फेकता येतो. कुणी पडलं तर आपण उडी न मारता हा कॅन त्याच्या पलीकडं फेकायचा आणि दोरी हळूहळू जवळ ओढायची. दोरी नसेल तर अंगावरचं लुगडं, दोन बायांचं जोडून.

उन्हात प्लास्टिक तडकतं. दर महिन्याला गटाच्या बैठकीआधी कॅन पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते बघा. आले तर तो कॅन तेलालाही परत वापरू नका, मोडीत द्या आणि नवा बांधा.