बंडूची कंपनी



मोबाइलवर किंवा संगणकावर खेळ खेळता ना? मग मला एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. तुमचा सगळ्यांत आवडता खेळ कुणी तयार केला? नाव सांगा!

काय, सुचत नाही? त्यात लाजायचं काही कारण नाही. हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला, तेव्हा एकालाही उत्तर देता आलं नाही. एक जण तर म्हणाला, "बाई, खेळ काय कुणी करतं होय? तो डाउनलोड होतो!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसले. पण मनात म्हटलं, अगं बाई, दहा वर्षांची असताना तू तरी याहून काय वेगळी होतीस?

तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. एका खेळाची, तो खेळ काढणाऱ्या कंपनीची आणि थोडी माझ्या चुकीचीही.

चपला बाहेर काढा!

१९९७ सालची मे महिन्याची सुट्टी. मी मामाकडे कराडला गेले होते. मामाच्या ओळखीच्या एका काकांचा संगणकाचा क्लास होता. संगणकाला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी देवळात जातो तसं! रात्री आठला क्लास सुटला की काका मला आणि माझ्या मामेभावाला अर्धा-पाऊण तास बसू द्यायचे.

दादा खिशातून फ्लॉपी काढायचा. फ्लॉपी म्हणजे पातळ, चौकोनी तबकडी. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही, पण त्या काळी अख्खा खेळ मावायचा. दादा काळ्या पडद्यावर इंग्रजीत 'प्रिन्स' असं टाइप करायचा आणि सुरू व्हायचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया'!

सुलतान लढाईवर गेलाय. दुष्ट वजीर जाफर राजकन्येला धमकी देतो, "माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. विचार करायला एक तास!" वाळूचं घड्याळ उलटं होतं. आपला पांढऱ्या कपड्यांतला वीर तळघरातल्या कोठडीत. हातात तलवारसुद्धा नाही. साठ मिनिटांत बारा टप्पे पार करून राजकन्येला सोडवायचं!

बाकीच्या खेळांतली माणसं तेव्हा ठोकळ्यासारखी सरकायची. हा मात्र खराखुरा पळायचा. उडी थोडक्यात हुकली की बोटांनी कडा धरून लोंबकळायचा आणि अंग वर ओढून घ्यायचा. खाली भाल्यांच्या टोकांवर पडला, की आम्ही दोघं एकदम "आई गं!" म्हणून ओरडायचो.

खेळाच्या सुरुवातीला पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, 'ब्रॉडरबंड'. दादाने ते वाचलं 'ब्रॉडर बंडू'. झालं! तेव्हापासून ती आमची 'बंडूची कंपनी' झाली. त्याच्या पाठोपाठ खेळ रचणाऱ्याचंही नाव यायचं. पण तोवर आमचा धीर सुटलेला असायचा. खटकन बटण दाबलं की नाव गायब! ते नाव आम्ही एकदाही नीट वाचलं नाही.

भावांचा संघ

आता ती बंडूची कंपनी खरी कुणाची होती, ते सांगते.

अमेरिकेत ओरेगन नावाचं राज्य आहे. तिथल्या यूजीन शहरात १९८० साली डग कार्लस्टन आणि गॅरी कार्लस्टन या दोन भावांनी ती सुरू केली. डग मूळचा वकील. हौस म्हणून त्याने अंतराळातल्या साम्राज्याचा एक खेळ लिहिला आणि तो विकायला दोघं भाऊ उभे राहिले. पुढे त्यांची बहीण कॅथीही कंपनीत आली. युरोपातल्या भाषांचे शब्द जुळवून केलेल्या त्या नावाचा अर्थही साधारण 'भावांचा संघ' असाच. लवकरच कंपनीने कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल गावी मुक्काम हलवला.

या भावांचं एक वैशिष्ट्य होतं. बरेचसे खेळ बाहेरची तरुण मुलं रचत आणि ही कंपनी ते नीटनेटके करून विकायची. डॅन गॉर्लिनचा 'चॉपलिफ्टर' १९८२ साली आला. त्यात हेलिकॉप्टर उडवायचं. पण गुण कशाचे? मारलेल्या शत्रूंचे नव्हे, वाचवलेल्या माणसांचे! १९८३ साली 'लोड रनर' आला. तो रचला डग्लस स्मिथ नावाच्या एका विद्यार्थ्याने. त्यात दीडशे टप्पे होते, शिवाय स्वतःचे टप्पे तयार करायची सोयसुद्धा! १९८४ सालच्या 'प्रिंट शॉप'मुळे लोक घरच्या घरी शुभेच्छापत्रं आणि फलक छापू लागले.

आणि १९८५ साली आली कार्मेन सँडिएगो! लाल कोट, लाल टोपी घालणारी चोरांची राणी. तिची टोळी जगभर चोऱ्या करत पळायची आणि आपण गुप्तहेर होऊन पाठलाग करायचा. 'चोराने पैसे बदलून येन घेतले,' असा सुगावा लागला की ओळखायचं, स्वारी जपानला गेली! खेळाच्या खोक्यात चक्क एक जाडजूड माहितीकोश असायचा. चोर पकडायचा तर तो उघडून शोधायला लागायचं. खेळता खेळता मुलं भूगोल शिकली, आणि गंमत म्हणजे, आपण अभ्यास करतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही!

चार वर्षांचा खेळ

आमचा प्रिन्स रचला जॉर्डन मेक्नर या तरुणाने. कॉलेजात असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा खेळ केला होता. तो १९८४ साली याच कंपनीने काढला. मग प्रिन्ससाठी १९८५ साली त्याने काय केलं? आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घातले आणि गाड्या उभ्या करायच्या मैदानात पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावलं. त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल संगणकावर काढली. म्हणजे आम्ही ज्याला प्रिन्स म्हणत होतो तो जॉर्डनचा धाकटा भाऊच होता! आणि संगीत कुणाचं? त्यांच्या वडिलांचं!

मेक्नरने एकट्याने जवळजवळ चार वर्षं काम केलं. एकदा अशी वेळ आली, की खेळात शत्रू हवा, पण संगणकाच्या स्मरणात नव्या चित्रांना जागाच उरली नाही. तेव्हा त्याने प्रिन्सचीच चित्रं थोडी बदलून वापरली आणि त्यातून एक छायापुरुष तयार झाला. अडचणीतून सुचलेली युक्ती पाहा!

या छायापुरुषाने आम्हाला चार रात्री रडवलं. शेवटी त्याच्याशी लढाई होते. त्याला तलवार मारली की आपलीच शक्ती कमी होते. त्याला मारलं, की आपणही मेलो! पाचव्या रात्री दादा वैतागला, त्याने खालचं बटण दाबलं आणि तलवार म्यान झाली. काय आश्चर्य! छायेनेही तलवार म्यान केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले. आम्ही इतके ओरडलो, की काका धावत आले. त्यांना वाटलं, शॉकच लागला!

प्रिन्स १९८९ साली बाजारात आला तेव्हा सुरुवातीला फारसा खपला नाही, कारण तो ज्या संगणकासाठी केला होता तोच जुना झाला होता. मग इतर संगणकांसाठी त्याच्या आवृत्त्या निघाल्या आणि त्याचं नाव जगभर झालं. १९९३ साली कंपनीने मिलर बंधूंचा 'मिस्ट' काढला. त्याच्या साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. पुन्हा भाऊच, बरं का!

वाडा पडला

मग अशी कंपनी बुडाली कशी?

१९९५ साली ब्रॉडरबंडला 'द लर्निंग कंपनी' ही शैक्षणिक खेळांची कंपनी विकत घ्यायची होती. पण 'सॉफ्टकी' नावाच्या कंपनीने जास्त बोली लावून ती पटकावली आणि तिचं नावही स्वतःला लावलं. सॉफ्टकीचा खाक्या वेगळा होता. स्वस्त सीडी विकायच्या, नवं घडवण्यावरचा खर्च कमी करायचा आणि दुसऱ्या कंपन्या गिळायच्या. किमती घसरल्या. वर्षानुवर्षं खपून एखादा खेळ रचणाऱ्यांना ते परवडेना. १९९८ साली याच कंपनीने ब्रॉडरबंडही सुमारे ४२ कोटी डॉलरला विकत घेतली. अनेक माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

पुढचं ऐका. १९९९ साली बार्बी बाहुली करणाऱ्या मॅटेलने ती गिळणारी कंपनीच सुमारे साडेतीनशे कोटी डॉलरला घेतली. आणि तोटा इतका झाला, की पुढच्याच वर्षी ती जवळजवळ फुकट देऊन टाकावी लागली!

गावातला जुना वाडा पाडतात तेव्हा काय होतं, पाहिलंय? तुळया एक जण नेतो, नक्षीची दारं दुसरा, दगड तिसरा. तसंच झालं. प्रिन्स फ्रान्सच्या युबिसॉफ्टकडे गेला. कार्मेन पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांकडे गेली. ब्रॉडरबंड हे नाव नुसतं खोक्यावरच्या चिठ्ठीसारखं या हातातून त्या हातात फिरत राहिलं. नाव होतं, पण घर नव्हतं.

मला हे कळलं २००५ साली. मी डीएडच्या पहिल्या वर्षाला होते. मैत्रिणीच्या भावाकडे नवा, झगमगीत प्रिन्स पाहिला. सुरुवातीला बटण न दाबता थांबले. बंडूचं नाव काही आलं नाही. सायबर कॅफेत जाऊन शोधलं आणि सगळी कथा समजली. तिथूनच दादाला फोन केला, "अरे दादा, आपल्या बंडूची कंपनी गेली रे!" दादा क्षणभर गप्प. मग म्हणाला, "बंडूने एवढं दिलं आपल्याला, आणि आपण त्याला एक रुपयासुद्धा दिला नाही गं."

हीच ती चूक. आमची फ्लॉपी कुणाकडून तरी उतरवून घेतलेली होती. पहिल्या टप्प्यानंतर एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या बाटल्या यायच्या. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. पुस्तिका आमच्याकडे कुठली? दादाच्या खिशात उत्तरांची एक चिठ्ठी असायची. मला वाटायचं, हा खेळाचाच भाग. वास्तविक ते कुलूप होतं, विकत न घेणाऱ्यांसाठी! म्हणजे राजवाड्यात आम्ही चोरदाराने शिरलो होतो. आमच्या एका फ्लॉपीने काही कंपनी बुडाली नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते आठवलं, की आजही ओशाळल्यासारखं होतं.

वडिलांचं कपाट

पण गोष्ट इथे संपत नाही हं! प्रिन्सचा मूळ कार्यक्रम, म्हणजे मेक्नरने लिहिलेल्या साऱ्या आज्ञा, कित्येक वर्षं हरवल्या होत्या. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरच्या कपाटात एक खोकं सापडलं. आत जुन्या फ्लॉपी! जुन्या संगणकांचे दोन जाणकार मदतीला आले, जपून जपून एकेक फ्लॉपी वाचली आणि मेक्नरने तो कार्यक्रम सगळ्यांना पाहायला खुला केला. २०१४ साली डग कार्लस्टनने कंपनीचे खेळ आणि कागदपत्रं अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या खेळांच्या संग्रहालयाला दिली. तिथल्याच मानाच्या यादीत २०२१ साली कार्मेन आणि २०२४ साली मिस्ट दाखल झाले.

कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्यांना जे सांभाळता आलं नाही, त्यातलं थोडं एका वडिलांच्या कपाटाने सांभाळलं!

आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही 'चोर पकडा' खेळतो. मी फळ्यावर सुगावे लिहिते : 'चोराने बोटीतून खाडी ओलांडली, हापूसची पेटी घेतली आणि थिबा राजवाडा पाहिला.' मुलं नकाशा उघडतात आणि ओरडतात, "रत्नागिरी!" खेळाच्या आधी मी फळ्यावर वर एक ओळ लिहिते : 'मूळ कल्पना : ब्रॉडरबंडची, १९८५.' कालपरवा तोच 'डाउनलोड'वाला मुलगा उठून म्हणाला, "बाई, उद्याचे सुगावे मी लिहून आणू? खाली माझं नाव लिहाल?"

लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं.

तुम्हीही एक करा. आज खेळ सुरू कराल, तेव्हा सुरुवातीला येणारी नावं पुढे ढकलू नका. ती वाचा आणि त्यातलं एक तरी वहीत टिपून ठेवा. आणि हो, स्वतः एखादा खेळ रचलात तर त्याची वही जपून ठेवा. कपाट घरात असेलच!

तुमच्या बाई